हाकेला ओ

पिशवीवर बी पॉझिटिव्हची चिठ्ठी चिकटवून वृषाली गावंडेने ती ड्रोनच्या पेटीत ठेवली. झाकण लावणार एवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या सुषमाने तिचा हात धरला. पिशवीत ए पॉझिटिव्ह रक्त होतं. बारकोड तपासणारं यंत्र सकाळपासून बंद होतं आणि पेटी बाळापूरच्या दवाखान्यात उडून जाणार होती. तिथे एक बाळंतीण रक्ताची वाट बघत होती.

"ताई, तुम्ही घरी जा," सुषमा हळू आवाजात म्हणाली. "मी बघते पुढचं."

अकोल्याच्या त्या रक्तपेढीत वृषालीने सगळी नोकरी काढली होती आणि तिच्या हातून एवढी मोठी चूक कधी झाली नव्हती. ती हात धुवायला म्हणून गेली आणि नळ सोडून रडली. रडणं आता नवीन राहिलं नव्हतं. पाळी थांबून वर्ष होत आलं होतं, आणि त्या वर्षात तिच्यातली एक हसरी बाई कुठेतरी निघून गेली होती. अचानक छातीतून उकळी फुटल्यासारखी उष्णता मानेवर चढायची, घामाने अंग निथळायचं, काळीज धडधडायचं. झोप तुकड्यातुकड्यांनी यायची. सकाळी उठताना पहिला विचार मनात यायचा तो म्हणजे, आजचाही दिवस काढायचा आहे.

ती बँडवाल्यांच्या गल्लीतल्या आपल्या घरी पोचली, तेव्हा नवरा प्रफुल्ल जेवायला बसला होता. बाराला उन्हाचा भोंगा झाला की शहर बंद व्हायचं. त्या वर्षांत उन्हाळ्यात दुपारी बाहेर पडायला मनाईच असे. तिने घडलेलं सांगितलं. प्रफुल्लने घास खाली ठेवला.

"आता मात्र डॉक्टरकडे चल. घरात तर तुझ्याशी बोलायची सोय राहिलेली नाही. तिथे तू कुणाचा जीव घेशील."

डॉक्टर रेवती काळपांडे कमी बोलणाऱ्या होत्या. वृषालीच्या पायात पूर्वी रक्ताची गाठ झाली होती, त्यामुळे हार्मोनच्या गोळ्या द्यायला त्या तयार नव्हत्या.

"मेंदूच्या तळाशी शरीराचं तापमान राखणारं एक केंद्र असतं," त्या म्हणाल्या. "थोडं गरम, थोडं गार झालेलं ते चालवून घेतं. इस्ट्रोजेन कमी झालं की त्याची ही चालवून घ्यायची ताकद कमी होते. जराशी उष्णता वाढली तरी ते आग लागल्यासारखी घंटा वाजवतं. म्हणून हा घाम आणि ही धडधड. वयाबरोबर ते पुष्कळदा शांत होतं. पण तोवर झोपेला जी वाईट सवय लागते ती आपोआप जात नाही. ती बोलून घालवावी लागते."

"बोलून? कुणाशी?"

डॉक्टरांनी तिच्या मनगटावर एक पट्टी बांधली. तिच्याबरोबर कानात 'निवांत' नावाचा एक यंत्राचा आवाज आला. बोलून करायचे उपचार जुनेच होते: झोप नसेल तर अंथरुणावर पडून राहायचं नाही, ठरल्या वेळीच उठायचं, मनात येणारा प्रत्येक काळा विचार खरा आहे का ते तपासायचं. माणसं हे शिकवत आणि बायकांना त्याने बरं वाटे. निवांतने त्यात एक गोष्ट वाढवली होती. आठवण मनातून वर काढली की ती काही वेळ ओल्या मातीसारखी मऊ असते आणि परत ठेवताना पुन्हा घट्ट होते. ती मऊ असताना योग्य शब्द बोलला गेला, तर आठवण राहते आणि तिला चिकटलेली भीती सुटते. तो क्षण माणसाला दिसत नाही. पट्टीला नाडीवरून, घामावरून, आवाजातल्या कंपावरून दिसायचा, आणि निवांत नेमका तेव्हा बोलायचा.

काही आठवड्यांत फरक पडला. उष्णतेची लाट आली की "आता मी वेडी होणार" असं वाटायचं, त्याऐवजी "ही लाट आहे, ओसरेल" असं वाटू लागलं. रडणं कमी झालं. तरीही ती रात्री जागी व्हायचीच.

"जाग आल्यावर तुम्ही सगळ्यात आधी काय करता, वृषालीताई?" एका दुपारी निवांतने विचारलं.

"कान देते."

"कशाला?"

"सासूबाईंच्या हाकेला."

सिंधूबाईंना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू लुळी पडली होती. रात्री बाथरूमला जायचं तर कुणाचा तरी हात लागायचा, आणि तो हात वृषालीचा असायचा. "वृषाली, ये नं वं," अशी हाक आली की ती ताडकन उठायची. पुढे पुढे तर हाक यायच्या आधीच उठू लागली. प्रफुल्लला कधी जाग येत नसे. घामाने भिजून ती सासूबाईंच्या खोलीत जायची, त्या डोळे उघडे ठेवून पडलेल्या असायच्या. "मले वाटलंच, तू जागी असशीन," असं म्हणून त्या तिला शेजारी बसवायच्या, डाव्या हाताने पदराचा वारा घालायच्या. स्वतःची पाळी गेली तेव्हा ज्वारीच्या कणग्यांच्या मागे लपून कसं रडलं, आणि विचारलं कुणीच कसं नाही, हे त्यांनी वृषालीला अशाच एका रात्री सांगितलं होतं. सख्ख्या लेकीलाही त्यांनी ते सांगितलेलं नव्हतं.

"त्या आवाजाला तुमच्या मनात घबराट चिकटलेली आहे," निवांत म्हणाला. "ती सोडवता येईल. हाक ऐकू येईल, अर्थही कळेल. फक्त दचकणं होणार नाही."

"मग रात्री त्यांना बघणार कोण?"

"ती व्यवस्था आधी करावी लागेल. घरच्यांशी बोला."

जेवताना तिने विषय काढला. प्रफुल्लला पटायला वेळ लागला नाही. "मी आहे ना. माझी आई आहे ती. मी हॉलमध्ये झोपत जाईन, तिच्या दाराशी. तू बरी हो."

सिंधूबाईंना तर आनंदच झाला. "कर वं माय. मायापायी तुयी झोप गेली."

उपचार करताना वृषालीला डोळे मिटून हाक आठवायची असे. छाती धडधडू लागली की निवांत बोलायचा, अगदी साधी वाक्यं. हा एक आवाज आहे. आवाज येतात आणि जातात. दुसरं कुणीतरी उठलं आहे. काही बैठकांनंतर तिने हाक आठवली आणि छाती शांत राहिली. त्या रात्री ती जी झोपली, ती कोवळं ऊन पायावर आल्यावरच उठली. अंथरुणात बसून ती स्वतःशीच हसली. चहाला साखर किती गोड लागते, हे तिला कितीतरी दिवसांनी कळलं. रक्तपेढीत सुषमा म्हणाली, "ताई, तुम्ही पाच वर्षांनी लहान दिसताय." संध्याकाळी प्रफुल्लने गजरा आणला.

उन्हाळा चढत होता. एका दुपारी ती स्वयंपाकघरात गवार मोडत बसली होती. आतून सिंधूबाईंची हाक आली. पाण्याचा पेला हातातून निसटला होता आणि चादर भिजली होती. "वृषाली, ये नं वं." तिला ऐकू आलं. आई बोलावताहेत, असा विचार मनात आला. रस्त्यावरून मोटार गेली की 'मोटार गेली' असा विचार येतो, तसाच. तिने उरलेली गवार मोडली, टोपली ओट्यावर ठेवली, मग गेली.

सिंधूबाई ओल्या चादरीत गप्प पडून होत्या. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"कामात होती का वं?"

"नाही," वृषाली म्हणाली, आणि ते खरं होतं; ती कामामुळे थांबली नव्हती.

माणूस ओळखायला सिंधूबाईंना शब्द लागत नसत. त्या दिवसापासून त्यांनी हाका कमी केल्या. संध्याकाळनंतर पाणी पिणंही बंद केलं. रात्री उठायलाच लागू नये, म्हणून. सकाळी उशाशी पेला भरलेलाच असायचा. शरीरात पाणी कमी पडलं की मूत्रपिंडाचं काय होतं हे वृषालीला ठाऊक होतं. "आई, पाणी प्यायला हवं हं," असं ती म्हणायची आणि भरलेला पेला रिकामा करून परत भरून ठेवायची.

निवांतला तिने गवारीचं सांगितलं.

"त्याचा तुम्हाला त्रास होतो आहे का?"

तिने मनात नीट शोधून पाहिलं. "नाही."

"मग आपण पुढे जाऊ."

मे महिन्यातल्या एका सकाळी ती चहाचं आधण ठेवून सासूबाईंना उठवायला गेली. सिंधूबाई पलंग आणि बाथरूमच्या मधे फरशीवर पडलेल्या होत्या. मांडीचं हाड मोडून पाय वेडावाकडा झाला होता. ओठांना भेगा होत्या, लुगडं भिजून वाळलेलं होतं. डोळे उघडे होते. प्रफुल्ल तिच्या मागोमाग आला आणि दारातच थांबला.

"तुला ऐकू नाही आलं?" तो ओरडला. "रात्रभर इथे पडली असेल ती! तू एवढी कशी झोपलीस?"

वृषाली तोवर रुग्णवाहिकेला फोन करत होती. पत्ता तिने न चुकता, एकेक अक्षर स्पष्ट करून सांगितला.

दवाखान्यात सलाइन सुरू झाल्यावर सिंधूबाईंना थोडं बोलता आलं. घसा बसला होता. नवराबायको दोघं पलंगाजवळ उभी होती. त्यांनी वृषालीकडे पाहिलं. कुरकुर नव्हती, रागही नव्हता. झालं ते सांगावं तशा त्या म्हणाल्या,

"लय हाका मारल्या वं तुले."

प्रफुल्ल तोंड फिरवून बाहेर गेला. वृषाली सलाइनची नळी सरळ करत होती. घसा बसलाय, ओठांना ग्लिसरीन लावायला हवं, असं तिच्या मनात आलं. मग तिचा हात थांबला. आपण काय ऐकलं, हे तिला कळलं. एखाद्या अनोळखी माणसाचा तपासणी-अहवाल वाचून कळावं, तसं कळलं. ज्या बाईने पदराने वारा घातला ती बाई रात्रभर आपलं नाव घेत होती, आणि हे वाक्य आपल्याला कुठेच लागत नाही. तिने वाट पाहिली. काहीच आलं नाही. तेव्हा तिला भीती वाटली, पण ती स्वतःची.

"मला ते परत द्या," तिने त्याच दुपारी डॉक्टर काळपांड्यांना सांगितलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. आम्हाला वाटलं होतं, दचकणं तेवढं जाईल आणि तेही झोपेपुरतं. पण मेंदूत रात्र आणि दिवस असे वेगळे कप्पे नसतात. दचकणं आणि जीव तुटणं या दोन गोष्टींनाही नसतात, असं आता दिसायला लागलंय. इतरही काही बायकांच्या बाबतीत."

"परत येतं का?"

"येतं. त्याला तोच आवाज लागतो, तशीच गरजेची हाक, आणि त्या क्षणी निवांत कानात. पण आलं तर सगळं येईल. जागरण, धडधड, ते काळे विचार. आणि आता त्यात ही फरशीवरची रात्रही येईल. तुम्ही त्यातून बाहेर याल का, मला माहीत नाही."

"येऊ दे," वृषाली म्हणाली. तिला हे करावंसं वाटत होतं असं नाही. करायला हवं, एवढं तिला समजत होतं, आणि तिच्याजवळ आता समजणंच उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मनगटाला पट्टी बांधून, कानात निवांत घेऊन सिंधूबाईंजवळ बसली. त्यांचे पाय सुजले होते. मूत्रपिंडं काम करत नव्हती.

"आई, मला एकदा हाक मारा. रात्री मारायच्या तशी."

"कायले? तू तं इथंच हायस."

वृषालीने सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही. तुमच्या हाकेने मला काही होत नाही, ते परत यावं म्हणून, असं स्पष्ट सांगितलं. सिंधूबाई शांतपणे ऐकत राहिल्या. त्यांना ते आधीच ठाऊक होतं.

"म्हंजे तू पुन्हा रात रात जागशीन?"

"हो."

"रडशीन? मांगच्या वर्षी रडे तशी?"

"कदाचित जास्तच."

सिंधूबाईंनी डावा हात उचलला आणि तिच्या गालावर ठेवला. हात कोरडा आणि गरम होता. "कसं तोंड उजळलं तुयं," त्या म्हणाल्या. "नाई मारत हाक."

"आई, ऐका माझं."

"मी गेल्यावर कोनासाठी जागशीन मंग? मले आता काईच नको. जाय, घरी जाऊन झोप."

"नाडी स्थिर आहे," निवांत कानात म्हणाला.

त्यानंतर सिंधूबाईंनी कुणालाच हाक मारली नाही. तहान लागली तरी, पाय दुखला तरी. परिचारिका म्हणायच्या, किती शांत आजी आहेत. त्या गेल्या तेव्हाही शेजारच्या खाटेवरच्या बाईला कळलं नाही.

घर माणसांनी भरलं. बंगळूरहून वृषालीची मुलगी आली, आजीच्या पलंगाला मिठी मारून रडली. वृषालीने सगळ्यांचं चहापाणी पाहिलं, भटजींना काय हवं नको ते पाहिलं. नणंद एकदा भरल्या घरात म्हणाली, "वहिनीचे डोळे ओले झालेले मी पाहिले नाहीत बाई." प्रफुल्लने मान खाली घातली. बायकोची बाजू त्याने घेतली नाही. तो दिवसेंदिवस वाळत चालला होता, दाढी वाढली होती, ताटातलं अन्न तसंच राहत होतं. लोक म्हणाले, आईवर जीव होता.

निवांतने मधेच एकदा वृषालीला सांगितलं होतं की ध्वनिमुद्रित आवाजही चालेल. तिच्या फोनवर सिंधूबाईंचे जुने निरोप होते, आजारी असतानाचे. 'वृषाली, लवकर ये नं वं, मले भेव वाटते.' उपचार उलटा करायला तेवढं पुरेसं होतं. तेरावं झालं की सुरू करू, असं तिने ठरवलं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे गेले. उन्हाचा भोंगा झाला, खिडक्या बंद झाल्या, कूलर घरघरत होता. वृषालीने टेबलावर फोन ठेवला आणि ती पट्टी बांधू लागली, तेव्हा प्रफुल्ल समोर येऊन बसला.

"सुरू करतेस?"

"हो."

"त्याआधी एक सांगायचंय. दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही. तुला सांगता येईल, कारण तुला… तुला काही होणार नाही."

"सांगा."

"मी जागा होतो."

कूलरमधून पाणी टपटपत होतं.

"पहिल्याच हाकेला मला जाग आली. ती तुझं नाव घेत होती. माझं नाही घेतलं तिने, एकदाही. मला वाटलं, तू उठशील. नेहमी उठायचीस. मग वाटलं, आता उठेल. मग वाटलं, एवढ्यात गेलो तर रोजच जावं लागेल. मी उशी कानावर धरली, वृषाली. उजाडेपर्यंत धरून पडलो होतो. ती पडलीय हे मला माहीत नव्हतं, देवाशपथ. पण हाक कशी बारीक होत गेली ते मी ऐकलंय."

वृषाली त्याच्याकडे पाहत राहिली. आपल्याला राग यायला हवा, हे तिला कळत होतं. तिने तो शोधला.

"मी तुम्हाला सांगितलं होतं," ती म्हणाली. "जेवताना. तुम्ही हो म्हणालात."

"शिव्या दे मला. मार. सगळ्यांसमोर सांग. पण काहीतरी कर!" तो टेबलावर वाकला. "आणि हे सुरू कर, आत्ता. तुलाही ऐकू येऊ दे. रात्रंदिवस येते ती हाक. मला एकट्याला नाही सोसवत. आपण दोघं मिळून रडू, एवढंच मागतोय."

एवढी वर्षं ती ज्या हाकेला ओ देत आली, ती हाक टेबलावर तिच्या समोर होती. बोट लावायचा अवकाश होता. मग सगळं आलं असतं: पदराचा वारा, फरशी, भेगाळलेले ओठ, गालावरचा गरम हात. ती सिंधूबाईंसाठी रडली असती. ते तिचं देणं होतं, हे तिला अजूनही कळत होतं. समोर बसलेल्या माणसाकडे तिने पुन्हा पाहिलं. सिंधूबाईंसाठी रडायला आता याच्या शेजारी बसावं लागणार होतं.

तिने पट्टी सोडली.

"नाही करत मी."

"म्हणजे?"

"तुम्हाला सोबत हवी म्हणून मी का जागू?"

"आईसाठी तरी, वृषाली. तिच्यासाठी."

"त्यांनी नको म्हटलं होतं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. फोन उचलून तिने एकेक करून सगळे निरोप पुसले. तो हात पुढे करेपर्यंत शेवटचाही गेला होता.

मग ती आत गेली आणि आडवी झाली. पातळ दाराच्या पलीकडे प्रफुल्ल रडू लागला. आधी दाबून, मग मोठ्याने, मग तिचं नाव घेऊन. तिला सगळं ऐकू येत होतं. तिने कूस बदलली आणि तिला झोप लागली.